कॅसेटमधलं गाव

जयपूर नावाचं एक गाव कोल्हापुरातही आहे. नकाशात ते सापडायचं नाही. पण देवल क्लबच्या मैफली ऐकत वाढलेल्या कुणालाही विचारा, तो हवेत बोटं फिरवत त्या गावचे जोडराग, वळसे घेत उतरणाऱ्या ताना, आकाराची शिस्त असं सगळं तुमच्यापुढे उभं करेल. अल्लादिया खाँसाहेब जयपूरच्या मुलखातल्या उनियाऱ्याचे. 1895 च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी ठेवून घेतलं आणि खाँसाहेबांच्या सामानातून, त्यांच्या घराण्याचं नाव म्हणून, 'जयपूर' हा शब्दही पंचगंगेकाठी उतरला. पुढे तो केसरबाई, मोगूबाई, किशोरीताई अशा घरांतून फिरला. 1977 साली तर केसरबाईंच्या भैरवीबरोबर व्हॉयेजर यानात बसून सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेला लागला. आमच्या घरी 'जयपूर' असं म्हटलं की वडील आधी डोळे मिटायचे आणि मग बोलायचे. त्यामुळे लग्नानंतर नवऱ्याची बदली खऱ्याखुऱ्या जयपूरला झाली, तेव्हा तिथले रिक्षावालेसुद्धा भाडं जोडरागात सांगत असतील अशी माझी भाबडी समजूत होती.

रिक्षावाल्याने भाडं साध्या बोलीत सांगितलं, फक्त दुप्पट सांगितलं. त्याच्या रिक्षात काहीतरी वाजत होतं. उन्हात कडकडीत वाळवल्यासारखा लख्ख, सरळ बायकी आवाज, खाली ढोलकचा ठाम ठेका, आणि प्रत्येक कडव्यानंतर एखाद्या उत्साही भाच्यासारखा मध्येच घुसणारा कॅसिओ. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "लोकगीत है जी, हमारे गाँव का." कॅसिओ कुठल्या गावचा, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नव्या शहरात पहिल्याच तासाला असे प्रश्न विचारू नयेत, एवढं शहाणपण माहेराहून बरोबर आलं होतं.

त्या आवाजाचं नाव सीमा मिश्रा, हे नंतर कळलं. गाणं होतं 'घूमर', आणि कॅसेट वीणाची. वीणा कॅसेट्स ही जयपूरचीच कंपनी, के. सी. मालू यांनी उभी केलेली. कॅसेटच्या दिवसांत मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना राजस्थान म्हणजे एखाद्या सिनेमापुरती वाळू वाटत असे, तेव्हा या मंडळींनी लग्नाची, सणाची, पाहुण्यांची, रुसव्याची अशी मारवाडी-शेखावाटी गाणी गोळा करून ती नीट वाद्यमेळात बसवली आणि घरोघरी पोचवली. जयपुरात एखादं लग्न या गाण्यांशिवाय लागलं तर ते कायद्याने ग्राह्य धरतात की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे. घूमर, चिरमी, गोरबंद, पीपली, कुरजां, पल्लो लटके. ही यादी इथल्या बायका आपल्या भावंडांची नावं सांगावीत तशी सांगतात. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मधलं एकही न गाळता.

मी त्या कॅसेट गोळा करायला लागले तेव्हा कॅसेटचा काळ संपत आला होता. त्रिपोलिया बाजारातून चौड्या रास्त्याकडे वळताना एक दुकान लागतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं आणि काचा मिळतात. पण काउंटरच्या खाली, मालकाच्या पायांशी, एका खोक्यात जुना माल पडलेला असे. मी वाकून चाळायला लागले की मालक विचारी, "भाभीजी, बजाने के लिए चाहिए या सजाने के लिए?" सजवायला नेणारी गिऱ्हाइकंही येत, कॅफेच्या भिंतीवर चिकटवायला. त्यांना भाव वेगळा होता. वाजवणाऱ्यांकडून तो कमी घेई, आणि घेताना चेहरा असा करी की वृद्धाश्रमातून कुणी आजी घरी घेऊन जातंय.

या कॅसेटची मुखपृष्ठं हा एक स्वतंत्र लोककलाप्रकार आहे. माझ्याकडच्या एकीवर बांधणीची ओढणी घेतलेली, कपाळावर बोर बांधलेली एक तरुणी घडा घेऊन उभी आहे. मागे वाळूची टेकडी, टेकडीवर उंट, उंटामागे सूर्यास्त. नीट पाहिलं की उंटाच्या गुडघ्याजवळ आडवी घडी दिसते, कारण वाळवंट पडद्यावर रंगवलेलं आहे आणि पडदा नुकताच ट्रंकेतून काढलेला आहे. तरुणीच्या मनगटात बांगड्यांच्या शेजारी सोनेरी पट्ट्याचं घड्याळ राहून गेलंय. पाणी आणायला निघालेल्या बाईला वेळेचं भान हवंच, म्हणा. घडा रिकामा आहे, हेही तिच्या बोटांवरून कळतं. भरल्या घड्याखाली बोटं अशी फुलासारखी उमलत नाहीत. पण त्या चित्रात कुणीच कुणाला फसवत नाहीये. पडदा पडदा आहे हे फोटोग्राफरला माहीत, मुलीला माहीत, आणि घेणाऱ्यालाही माहीत. घेणाऱ्याला वाळू नकोच असते. वाळू त्याने पुरेशी पाहिलेली असते.

आणि ही गाणी मे महिन्यात वेगळी वाजतात, हे फक्त इथे राहणाऱ्यालाच कळतं. पारा पंचेचाळिसाला टेकला की गच्चीच्या खोलीत राहिलेली टेप सैलावते आणि नवी नवरी अर्ध्या सुराने खाली येऊन, सासूच्या आवाजात, माहेरची आठवण काढायला लागते.

या गाण्यांतला व्यवहार मला फार आवडतो. 'लहरिया'चंच घ्या. श्रावणात बायको नवऱ्याकडे लाटांच्या नक्षीची ओढणी मागते आणि किंमतही सांगून टाकते, नऊशे रुपये रोख. ज्या कुणी हे गाणं रचलं तिच्या काळी नऊशे रुपयांत ओढणीच काय, अख्खं दुकान येत असेल. मागणी अवाच्या सवा आहे, हीच त्यातली गंमत होती. मग ऐंशीच्या दशकात कॅसेटवर नऊशे. नव्वदीत नव्या गायिकेच्या गळ्यात नऊशे. आता इंटरनेटवर ड्रोनने चित्रित केलेल्या गाण्यात, जिथे नुसत्या ड्रोनचं भाडं त्याहून जास्त, तिथेही नऊशेच. बापू बाजारात बरी लहरिया घ्यायला जाल तर नऊशेत दुकानदार तुमच्याकडे दयेने बघतो. गाण्यातली बाई मात्र दरवर्षी तेवढंच मागते, आणि दरवर्षी ती मागणी थोडी थोडी समंजस होत चालली आहे. मराठी नवऱ्यांना ऐकवण्यासारखं गाणं आहे.

आमच्या गल्लीत हिंदीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. माझ्या कॅसेटच्या खोक्याची बातमी त्यांना लागली तेव्हा ते स्वतः चालत आले, चष्मा पुसला, दोन-चार कॅसेट उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "बेटी, यह लोकगीत नहीं है. यह लोकगीत की फोटोकॉपी है." त्यांचा सारा जीव कोमल कोठारींवर. कोठारी आणि विजयदान देथा यांनी 1960 मध्ये बोरुंद्याला रूपायन संस्थान काढलं. लंगा आणि मांगणियार गवयांच्या दारात टेपरेकॉर्डर घेऊन ही माणसं जाऊन बसत. गाणं आपल्याकडे बोलवत नसत. प्राध्यापकसाहेब ते सांगायला लागले की खरंच ऐकत राहावंसं वाटतं. कमायच्याचा तो खरखरीत, घसा बसलेल्या वडीलधाऱ्यासारखा सूर, खडतालांच्या चार लाकडी पट्ट्यांतून उडणाऱ्या ठिणग्या, यजमानाच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेला गवई. हे सगळं ऐकल्यावर माझ्या टेपवर कॅसिओ सुरू झाला की ते ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करत. गाणं काही थांबत नसे.

पण एकदा मी त्यांना भीत भीत विचारलं, की मग अस्सल कुठलं? ते म्हणाले, अल्लाह जिलाई बाई. बिकानेरच्या गंगासिंहांच्या दरबारातल्या या गायिकेचं 'केसरिया बालम' ऐकून हरकत घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. 1982 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1992 मध्ये त्या गेल्या. आणि त्यातला मांड हा प्रकार आपल्या नाट्यसंगीतानेही केव्हाच घरात घेतलेला असल्यामुळे मराठी कानाला ते सूर परके वाटतच नाहीत. पण दरबार म्हणजे गाव नव्हे. गावातलं गाणं महालात आलं तेव्हा त्याच्या पायांची धूळ पुसली गेलीच असेल, आवाजाला गालिच्याची सवय लागलीच असेल. आणि साथीला पेटी. ती पेटी तर युरोपातून आलेली, कॅसिओची सख्खी आजी. तेव्हाही एखादा म्हातारा ड्योढीबाहेर उभा राहून, हे आमचं गाणं नव्हे, असं पुटपुटला असणार. मी हे बोलून दाखवल्यावर प्राध्यापकसाहेब बराच वेळ गप्प बसले आणि मग चहा मागितला.

तेव्हापासून मला हा छंदच लागला आहे: कुणाचं अस्सल कुठे सुरू होतं ते बघायचं. माझ्या पिढीच्या मराठी माणसाला राजस्थान पहिल्यांदा ऐकू आलं ते बहुधा 1991 च्या 'लेकिन'मधून, म्हणजे मंगेशकरांच्या घरातून. सूर हृदयनाथांचे, आवाज लताबाईंचा, निर्मितीही त्यांचीच. त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि वाळवंट कसं गावं हे आम्हाला पेडर रोडवरून समजलं. त्याच वर्षी 'लम्हे'त इला अरुण यांचा आवाज लताबाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्या जयपुरातच वाढलेल्या. आवाजात मुरलेली, किंचित वात्रट जाड कड. पाठोपाठ 'खलनायक' आला, घागऱ्याला मत मागणारा त्यांचा अल्बम आला, आणि सभ्य घरांतल्या दिवाणखान्यात लोकसंगीत बुडाले असा एकमुखाने निर्णय झाला. आज आमच्या कॉलनीतल्या चाळिशीच्या बायका त्याच गाण्यांना 'तब के असली गाने' म्हणतात. त्यांच्या मुलींच्या लेखी अस्सल म्हणजे मामे खान. जैसलमेरकडचा हा मांगणियार 2012 मध्ये कोक स्टुडिओत अमित त्रिवेदीबरोबर 'चौधरी' गायला, तेव्हा प्राध्यापकसाहेबांनी पुन्हा हात वर केला होता. आता त्या मुलींचे धाकटे भाऊ रीलवर त्याचे तुकडे पाडतात, तर मुली कळवळून म्हणतात, अरे, ओरिजिनलची वाट लावली! अस्सल गाणं हे असं दर दहा वर्षांनी एकेक घर पुढे सरकतं. आपण जिथे ऐकायला बसलो तिथून एक घर मागे ते नेहमी असतं, आणि एक घर पुढे नेहमी भेसळ.

हे दुखणं काही फक्त मारवाडातलं नाही. अमेरिकेत टेनेसीच्या नॅशव्हिल गावात पन्नाशीच्या दशकाअखेर चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या दोघा निर्मात्यांनी तिकडच्या गावरान कंट्री गाण्यातली फिडल आणि स्टील गिटार जरा मागे सारली आणि पुढे व्हायोलिनांचा ताफा नि गोड कोरस आणून बसवला. त्यातूनच 1961 चं पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' आलं आणि गोव्यात घरोघरी पोचलेला जिम रीव्हजचा मखमली आवाजही. नॅशव्हिलचा हा नवा नाद म्हणजे नेमका काय, असं कुणी विचारलं तर ॲटकिन्स खिशातली नाणी खुळखुळवून दाखवत, असं सांगतात. इतकं प्रामाणिक संगीतशास्त्र आपल्याकडे कुणी मांडलेलं नाही. पुढे 1974 मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला कंट्रीतली सर्वोत्तम गायिका ठरवलं तेव्हा तिकडच्या जुन्या गवयांनी रागारागाने वेगळी संघटना काढली. 1975 च्या समारंभात तर चार्ली रिच या गायकाने विजेत्याच्या नावाचं कार्ड उघडलं, लायटर काढला आणि सर्वांच्या देखत ते पेटवून दिलं. नाव होतं जॉन डेन्व्हर. चार्ली रिचच्या मनात नेमकं काय होतं यावर अजून वाद आहेत. आणि तो स्वतः तरी कुठे निव्वळ गावरान गात होता!

पण माझं मन अडकलंय ते त्याच डेन्व्हरच्या 'टेक मी होम, कंट्री रोड्स'मध्ये. 1971 चं हे गाणं. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरवाटांच्या ओढीने असं भरलेलं, की 2014 मध्ये त्या राज्याने ते आपलं अधिकृत गीत करून टाकलं. त्याची मूळ कल्पना ज्यांची, ते बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट, तोवर वेस्ट व्हर्जिनियात गेलेलेच नव्हते. मेरीलँडमधल्या एका रस्त्याने गाडीतून जाताना त्यांना ते सुचलं. म्हणजे घरी ने म्हणणारे ज्या घरी निघाले होते ते घर त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. आणि ज्यांचं ते घर होतं त्यांना हे गाणं ऐकून घराची आठवण येते. शनाया ट्वेनने तर 2002 मध्ये 'अप!' हा अल्बम सरळ तीन रंगांत काढला: हिरव्यात कंट्री, लाल रंगात पॉप, आणि निळ्यात तीच सगळी गाणी हिंदुस्थानी सिनेमाच्या साजात. गाणी तीच, गळा तोच. इथल्या रंगरेजाला सांगितलं असतं तर त्याला यात नवल वाटलं नसतं. त्याने फक्त विचारलं असतं की रंग पक्का हवा की कच्चा.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचं गाणं म्हणजे 'कुरजां'. कुरजां म्हणजे करकोच्याच्या जातीतले राखी, डौलदार पक्षी. हिवाळ्यात मंगोलिया-मध्य आशियाकडून उडत येतात आणि फलोदीजवळच्या खीचन गावात हजारोंनी उतरतात. गावकरी त्यांच्यासाठी रोज धान्य टाकतात. ही तिथली पिढ्यांची रीत आहे. गाण्यातली बाई या कुरजांना विनवते की माझा नवरा परमुलखात कमवायला गेलाय, त्याला एवढा निरोप सांगा. मारवाड-शेखावाटीत हे घरोघरचं. पुरुष कलकत्त्याला, मुंबईला, सुरतेला, आसामच्या चहाच्या मुलखात. बायका इथे, चित्रांनी भरलेल्या रिकाम्या हवेल्यांत. पीपलीतली बाईही तेच म्हणते, की तू लावलेलं झाड मोठं झालं, तू काही आला नाहीस.

आता गंमत अशी, की कॅसेट निघाल्यावर त्यांचं मोठं गिऱ्हाईक कोण? तोच नवरा. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाने 1993 मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या कॅसेटवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. स्वस्त कॅसेटने बड्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली आणि बोलीबोलीतली गाणी बाजारात आली, हे त्यात साधार दाखवलंय. पण तो निरोप अखेर पोचला, हे त्या पुस्तकात नाही. कुरजां उडाल्या, वाटेत जयपूरच्या स्टुडिओत थांबल्या, त्यांच्या पंखांना कॅसिओ लागला, आणि बडा बाजारात, काळबादेवीच्या गल्लीत गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या त्या नवऱ्याच्या डोक्यावरच्या फळीवर बायकोचा आवाज वाजायला लागला. तीसचाळीस वर्षं उशिरा, अर्ध्या सुराने खाली. शेटजींनी आकडा पूर्ण लिहिला असेल, कॅसेटची बाजू बदलली असेल. इतक्या लांबून येणाऱ्या निरोपाला वाटेत थोडी धूळ लागणारच. हा कॅसिओ मला त्या धुळीसारखा वाटतो. तिचा राग कसला करायचा?

निरोप उलट्या दिशेनेही गेले आहेत, आणि तेही कुणाला न कळता. 1991 मध्ये कोल्हापूरला आई, दोन मावश्या आणि मी 'माहेरची साडी' बघायला गेलो होतो. अलका कुबल यांच्या दुःखाने आख्खं थिएटर भिजलं होतं. बायका घरून जादा रुमाल घेऊन आल्या होत्या, आणि मध्यंतरात कुणी वडापावाकडे बघेना. इतकं मराठमोळं, इतकं आपल्या मातीतलं दुःख दुसरं नाही असं मावशीचं मत होतं, आणि आहे. इथे आल्यावर शेजारच्या भाभीजींनी मला 'बाई चली सासरिये'ची गोष्ट सांगायला घेतली. तीच भावाबहिणीची, तीच सासूची. 1988 चा राजस्थानी सिनेमा, नायिका उपासना सिंह. आपली साडी त्याच्यावरूनच विणलेली. भाभीजी सांगता सांगता रडायला लागल्या आणि पुढचा प्रसंग मी त्यांना सांगितला. त्यांनी डोळे पुसत विचारलं, तुम्हे कैसे मालूम? मी म्हटलं, आमच्याकडेही घडलंय. मावशीला हे अजून कळवलेलं नाही. तिचं वय झालंय.

मीही आता परमुलखातलीच, फक्त उलट्या वाटेने आलेली. एरवी मी स्वयंपाकघरात भीमसेन-किशोरी लावते, आणि ते अगदी खरं प्रेम आहे. पण गणपतीच्या दिवसांत घशाशी काहीतरी दाटून येतं तेव्हा मला प्रल्हाद शिंदे लागतात, आनंद शिंद्यांचा पोपट लागतो, बँडच्या ठेक्यातली कोळीगीतं लागतात. कोल्हापुरात असताना ज्या गाण्यांवर आम्ही खिडक्या लावून घेत होतो, तीच मी इथे खिडक्या उघडून लावते. 'सैराट' आला तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी तो गावच्या मातीचा वास म्हणून पाहिला. करमाळ्याकडच्या त्या मातीला अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्राचा साज चढवला होता, हे वाचल्यावर मला चेट ॲटकिन्सच्या खिशातली नाणी ऐकू आली. तरीही मी रडलेच. व्हायोलिनं अमेरिकन असली तरी विहीर आपली होती.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या भाभीजींच्या मुलीचं लग्न झालं. लेडीज संगीतला नृत्य बसवणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती, आणि तिने 'घूमर'चं असं रूप लावलं की त्यात घूमर शोधावी लागत होती. घागरे फिरायला लागले, भिंती थरथरायला लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यात गादीवर बसलेल्या दादीसांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. नव्वदीच्या घरातल्या, झुंझुनूकडच्या. आवाज बंद करायला लावून त्या म्हणाल्या, असली गीत ऐसे थोड़े ही होता है. सगळ्या पोरी मुकाट्याने गोल करून बसल्या. प्राध्यापकसाहेब दाराबाहेर पुरुषांच्या खुर्च्यांत होते. तेही हळूच चौकटीशी येऊन उभे राहिले, कारण गेली कित्येक वर्षं ते याच क्षणाची वाट बघत होते.

दादीसांनी 'चिरमी' धरलं. चिरमी म्हणजे आपली गुंज, सोनाराच्या तराजूतली. बापाच्या लाडक्या लेकीला या गाण्यात तेच नाव आहे. दात नसलेल्या तोंडातून शब्द गोल होऊन येत होते, ठेका हातातल्या लाखेच्या चुड्यांवर. मध्येच एखादी जागा अशी लागे की बसलेल्या बायकांच्या माना आपोआप खाली जात. पहिलं कडवं संपलं. दादीसांनी श्वास घेतला, आणि पुढच्या कडव्याआधी, डोळे मिटून, पूर्ण गांभीर्याने, तोंडाने कॅसिओचा तुकडा म्हटला. टिडिंग टिडिंग टूं टूं. अगदी वीणाच्या कॅसेटवरच्यासारखा, शेवटच्या लटपटत्या सुरासकट. तो झाल्यावरच दुसरं कडवं. दर कडव्यानंतर तसंच. गाण्याचा भागच होता तो, देवाच्या आरतीत टाळ्या असाव्यात तसा. तिसऱ्या खेपेला पोरीही त्यात मिसळल्या. मी प्राध्यापकसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात सवयीने अर्ध्यावर आला होता, तिथेच घुटमळला, आणि मग त्याने ठेका धरला.

मग दादीसांनी माझ्याकडे काठी वळवली. महाराष्ट्राच्या बहूनेही आपल्या गावचं काहीतरी म्हणावं. आमच्या गावचं म्हणजे काय म्हणायचं? जोडरागातली एखादी बंदिश आठवली, पण ती तर यांच्याच गावची. ती ऐकवून परत कुठे करायची! मग मी कोळीगीत म्हटलं. होडी, वल्हं, खवळलेला दर्या, पारूबाय, सगळं. ऑर्केस्ट्रातली शिट्टीही वाजवली, कारण ती न वाजवता पुढे कसं जायचं मला येतच नाही. बायकांनी टाळ्या धरल्या, नवऱ्यामुलीने वल्हं मारायचा अभिनय केला. जयपूरपासून समुद्र सातआठशे किलोमीटरांवर आणि कोल्हापुरातून घाट उतरून गेल्याशिवाय तो दिसत नाही; मीही तो पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, आणि घाबरून बाईंचा हात धरला होता.

"ये तुम्हारे गाँव का है?" दादीसांनी विचारलं.

"हाँ जी," मी म्हटलं, "बिल्कुल हमारे गाँव का."

त्यांनी मान डोलावली आणि शिट्टी पुन्हा वाजवायला सांगितली.